पुरलेल्या केबलचा नकाशा कुणाकडे आहे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या शहरातल्या विजेच्या तारा जमिनीखाली जाणार असल्याची बातमी आली. सोबत फोटो होता. कडेला केबलचा लाकडी ड्रम, समोर उकरलेला चर आणि चराच्या काठावर कुदळ धरलेली पाच-सहा मंडळी. कुदळ एक आणि हात बारा, म्हणजे काम जड नसावं. मंडळींकडे मी नीट बघितलंच नाही. पस्तीस वर्षं चरात बसून काढली, त्यामुळे कुठल्याही फोटोत मला आधी चर दिसतो. हा चर उभ्या माणसाच्या गुडघ्याइतकाही नव्हता.

मी मुंबईत बेस्टच्या वीजपुरवठा विभागात केबल जॉइंटर होतो. १९७८ साली मदतनीस म्हणून लागलो, २०१३ साली निवृत्त झालो आणि रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या आपल्या गावी येऊन राहिलो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही आणि माझंही छापू नये ही विनंती. उद्या माझ्याच दारात पुन्हा खणायला यायचे. जॉइंटर म्हणजे दोन केबलींची टोकं जोडणारा माणूस. वायरमन खांबावर चढतो, तो चारचौघांना दिसतो. आम्ही खड्ड्यात, डोक्यावर ताडपत्रीचा तंबू, आणि येणारे-जाणारे वाकून विचारणार, "काय हो, पाण्याची लाइन का?"

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईत घरोघर जाणारी वीज जमिनीखालून जाते. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. ट्रामला वरून तार लागायची, ती १९६४ साली ट्रामबरोबरच गेली. गावाकडचा पाहुणा आला की गिरगावातल्या आमच्या खोलीच्या गॅलरीत उभा राहून हमखास विचारायचा, "तुमच्याकडे खांबच नाहीत, मग वीज येते कुठनं?" मी पायाखाली बोट दाखवायचो. त्याला वाटायचं, चेष्टा करतोय.

तेव्हा तारा भूमिगत करायला माझा विरोध असेल असा कुणी समज करून घेऊ नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी इथेच होतो. दुपारी दीड-दोन तासांत वाडीतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, जुना रायवळ आंबा तारांवर पडला आणि त्याने ओढलेल्या तारांनी पुढचे चार खांब वाकवले. खांब मोडत नाहीत, नमस्कार घातल्यासारखे वाकतात. आमच्या आळीत सव्वीस दिवस वीज नव्हती. मोटर बंद, म्हणून ज्या विहिरीवरचा रहाट काढून ठेवला होता तो माळ्यावरून खाली आला. कोळीवाड्यात बर्फ नाही, त्यामुळे मासळीचं काय झालं ते वासावरूनच कळत होतं. पुढच्याच वर्षी १७ मेला तौक्ते समोरून निघून गेलं तरी जाता जाता पुन्हा तारा पाडून गेलं. वादळ सोडाच, इथल्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. उन्हाळाभर इन्शुलेटरवर मीठ बसतं आणि मृगाची पहिली भुरभुर झाली की त्यावरून ठिणग्या उडून अख्खी लाइन बसते. दर जूनमधलं हे ठरलेलं गाऱ्हाणं आहे.

विशाखापट्टणमला १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळाने शहर अंधारात घातलं, त्यानंतर तिथे तारा जमिनीखाली नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. आपल्याकडेही जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पात अलिबाग आणि रत्नागिरीला भूमिगत केबलची कामं निघाली. (माझं गाव या दोहोंतलं नाही.) खर्च ओव्हरहेड तारेच्या कितीतरी पट येतो, पण वादळाच्या वाटेवरच्या शहरात तो करण्यासारखा आहे असंच मी म्हणेन. त्यात आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकच्या टपावर बांबू घेऊन उभं राहणारं पोरगं असतं. मूर्तीच्या मुकुटाला तार लागू नये म्हणून ते बांबूने तार उचलून धरतं. भिजलेला बांबू, भिजलेलं पोरगं. दर अनंत चतुर्दशीला मी ते बघतो आणि माझा जीव वरखाली होतो. ते थांबणार असेल तर एवढ्यासाठीसुद्धा तारा खाली जाव्यात.

माझं भांडण वेगळं आहे. वरची तार तुटली की ती लोंबकळते आणि शाळकरी पोरगंसुद्धा दाखवतं, "ती बघा". खालची केबल गेली की रस्ता तुमच्याकडे बघत राहतो. ती कुठून गेली, किती खोल गेली, जॉइंट कुठे आहे हे ज्याच्याकडे लिहिलेलं असेल त्याच्याच हातात ती केबल असते. बाकीच्यांच्या लेखी ते पुरून ठेवलेलं संकट.

आमच्या कामात सर्वांत भीतीचा क्षण कोणता, तर केबल कापायचा. जुन्या रस्त्यात खड्डा केला की एक केबल कधी सापडत नाही. तीन सापडतात, चार सापडतात. सगळ्या सारख्याच काळ्या, मातीने माखलेल्या. त्यातली एक बंद केलेली असते, उरलेल्या चालू. कापायची कुठली? ऑफिसातून ड्रॉइंग यायचं. त्यावर मोजमापं इमारतीच्या कोपऱ्यापासून असायची. अमुक चाळीच्या ईशान्येच्या कोपऱ्यापासून चार फूट तीन इंच, दोन नंबरची केबल. मला एक ड्रॉइंग आठवतं, त्यात माप इराण्याच्या हॉटेलच्या उंबऱ्यापासून दिलेलं होतं. हॉटेल केव्हाच बंद पडलेलं, तिथे औषधाचं दुकान झालेलं. पण दगडी उंबरा जागचा हलला नव्हता. आम्ही उंबऱ्यावर टेप धरली आणि केबल बरोबर तिथेच निघाली. ज्याने ते माप लिहिलं तो माझ्या जन्माच्या आधी निवृत्त झाला असेल. ड्रॉइंग जुळल्यावरही आम्ही थेट करवत लावत नसू. आधी यंत्राने ओळख पटवायची, मग लांब उभं राहून केबलमध्ये खिळा ठोकायचा, आणि काही झालं नाही तरच हात लावायचा. माझी दहाही बोटं आज शाबूत आहेत ती या शिस्तीमुळे.

जॉइंटचंही तसंच. तेव्हाची केबल म्हणजे तांब्याच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या तारेभोवती तेलात मुरवलेला कागद, त्यावर शिशाचं कवच, त्यावर पोलादी पट्टी, वर ताग. टोक सोललं की कागदाची एक पट्टी फाडून गरम कंपाउंडमध्ये, म्हणजे जॉइंटमध्ये ओतायच्या डांबरासारख्या रसात, बुडवायची. तडतडली की समजायचं आत ओल गेली आहे. मग केबल मागे कापत जायचं, पट्टी गप्प राहीपर्यंत. घामेजल्या हाताने कागदाला शिवलं तर उस्तादाची शिवी ठरलेली. पावसात तंबूच्या आत छत्री धरून बसलोय, पण पट्टी तडतडली असताना जॉइंट बंद केला नाही. आता प्लास्टिकच्या केबली आल्या, उष्णतेने आवळणारे किट आले, काम सोपं झालं. ओल मात्र तीच आहे. प्लास्टिकमध्ये पाणी शिरलं की आत झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक भेगा पसरत जातात आणि पाच-सात वर्षांनी एके रात्री केबल फुटते. तोवर ठेकेदाराची हमीची मुदत संपलेली असते.

हे सगळं डोक्यात घेऊन मी जानेवारीपासून आमच्या आळीतलं काम बघतोय. अकरा हजार व्होल्टची केबल नव्वद सेंटिमीटर खाली असावी असं भारतीय मानक १२५५ सांगतं, घराला जाणारी कमी दाबाची पंचाहत्तर. खाली वाळूचा थर, वर वाळूचा थर, त्यावर विटा किंवा फरशी, मग माती, मग धोक्याची रंगीत पट्टी. विटा एवढ्यासाठी की उद्या कुणाची पहार आली तर आधी विटेवर आपटावी. पण आमच्याकडे वरची वीतभर माती गेली की जांभा लागतो. बाहेरून तांबडा, मऊ दिसतो; उन्हावाऱ्यात राहिला की दगडाहून दगड. जेसीबीचे दात घासत बसतात. नव्वद सेंटिमीटरला चार तास लागणार असतील तिथे ठेकेदाराची माणसं एका फुटावर थांबतात, केबल टाकतात आणि उकरलेल्या जांभ्याचेच टोकदार तुकडे वर लोटून मोकळी होतात. वाळू एक दिवस आली होती. ती कुणाच्या तरी गच्चीच्या कामाला गेली. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, दगडातच आहे ना, कोण खणतंय परत?"

परत कोण खणतंय ते सांगतो. फेब्रुवारीत वीज झाली. मार्चमध्ये नळाची नवी लाइन आली. एप्रिलमध्ये इंटरनेटवाल्यांनी आडवं भोक पाडणारं मशीन आणलं. रस्ता न फोडता केबल जाते म्हणून सगळे कौतुकाने बघत होते. मशीनने महिन्यापूर्वीच्या नळाच्या पाइपातूनच भोक नेलं आणि आम्ही नऊ दिवस तांबडं पाणी प्यालो. एकच रस्ता, तीन खाती, तीन ठेके, तीन वेळा खडी. आणि मग मे महिन्यात शेजारच्या वाड्यात नळजोडणीसाठी खणणाऱ्या पोराची पहार विजेच्या केबलीत गेली. वीट नाही, पट्टी नाही, खूण नाही, केबल हातभर खाली. मोठा आवाज झाला, निळा उजेड पडला. पोराच्या पायात रबरी चपला होत्या आणि केबलचा पुरवठा लगेच आपोआप बंद पडला, एवढ्यावर ते वाचलं. उजव्या हाताचं कातडं मात्र भाजून निघालं. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी मारुतीला नारळ फोडला. तिने नारळ फोडला ते बरोबरच, पण मारुतीला ही जास्तीची कामं का लावायची?

त्या दिवशी तीन साहेब येऊन गेले. ही केबल कुठून कुठे जाते, हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. मी ड्रॉइंग मागितलं. त्यातला तरुण साहेब, स्वभावाने चांगला, म्हणाला, "काका, आता कागद नसतात, सगळं जीपीएसवर आहे." त्याने मोबाइलवर रेघ दाखवली. रेघ आळीच्या तोंडाशी सुरू होऊन सरळ माझ्या विहिरीतून, पुढे शेजारच्यांच्या देवघरातून जात होती. मी म्हटलं, साहेब, केबल विहिरीत असती तर आम्हाला पाणी उकळायची गरज पडली नसती. तो हसला, मीही हसलो. पण त्या रेघेच्या भरवशावर दहा वर्षांनी कुणीतरी खणणार आहे.

खोदण्याआधी विचारा, असं केंद्र सरकारचं म्हणणं आहेच. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं; समन्वयाविना होणाऱ्या खोदाईने देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं. खणणाऱ्याने त्यावर कळवायचं आणि ज्याची लाइन खाली आहे त्याने सावध करायचं, अशी कल्पना आहे. चांगलीच आहे. पण सावध करणाऱ्याला आपली लाइन कुठे आहे हे माहीत असावं लागतं, आणि आमच्याकडे ती देवघरातून गेली आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी, लांबण लागतेय तरी.

घरांना वीज वाटून देणारी लोखंडी पेटी, जिला पिलर म्हणतात, ती आमच्याकडे साकवाच्या अलीकडच्या खोलगटात बसवली आहे. कारण तिथे जागा सरकारी होती आणि कुणी भांडायला आलं नाही. दर जुलैत तिथे मांडीभर पाणी असतं, हे आळीतली गुरंसुद्धा जाणतात. जमिनीखाली गेलेली वीज पुन्हा वर येते ती या पेटीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. आम्ही शहरातले जॉइंटर त्या दिवशी वाचलो, पण उपनगरांत मीटरच्या खोल्या पाण्याखाली गेल्या आणि कित्येक ठिकाणी वीज मुद्दाम बंद ठेवावी लागली. पेटी दोन हात उंच चौथऱ्यावर घेतली असती तर किती विटा जास्त लागल्या असत्या? पेटीचं दार सध्या सुंभाने बांधलेलं आहे. कुलूप पहिल्याच आठवड्यात गेलं.

दुसरं, खांब. बातमीत 'खांबमुक्त' लिहिलं आहे. वीज उतरली तरी आमच्या आळीतले अकराच्या अकरा खांब उभे आहेत, कारण त्यांवर टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या वायरींचं जाळं आहे, रस्त्याचे दिवे आहेत आणि वाढदिवसाचे फलक आहेत. फलकांसाठी तरी ते राहतील असा माझा अंदाज आहे. विजेच्या तारेपेक्षा ही जळमटं जास्त खाली लोंबतात, म्हणजे बांबूवाल्या पोराची सुटका नाहीच.

तिसरं, झाडं. तारांसाठी दर मेमध्ये फांद्या छाटत होते, आता चरासाठी मुळं तोडतात. शाळेसमोरच्या वडाची रस्त्याकडची सगळी मुळं त्यांनी सफाईने कापली. फांदी कापलेलं झाड पुन्हा फुटतं; एका बाजूची मुळं गेलेलं झाड पुढच्या वादळात कुठे पडेल ते शाळेने विचारून ठेवावं.

मला विचाराल तर काम थांबवू नये. फक्त चर बुजवण्याआधी एक दिवस उघडा ठेवावा. त्या दिवशी टेप लावून मापं घ्यावीत आणि ती हलणार नाहीत अशा गोष्टींपासून घ्यावीत: देवळाचा जोता, विहिरीचा कठडा, वाड्याचा कोपरा. मोबाइलवरची रेघ हवी तर ठेवा, पण हे माप तिच्या शेजारी लिहा. जॉइंट जिथे असेल तिथे जॉइंटरचं नाव आणि तारीख लिहा. नाव लिहायचं म्हटलं की हात आपोआप जपून चालतो, हे स्वतःवरून सांगतो. वीज, नळ आणि इंटरनेट या तिघांचं एकच ड्रॉइंग करून त्याची एक प्रत नगरपरिषदेच्या भिंतीवर लावा, म्हणजे नळवाल्या पोरालाही ती बघता येईल. याला परदेशातून यंत्र आणावं लागत नाही. शंभर फुटी टेप आणि दोन माणसं लागतात.

हे मी नुसतं बोलत नाही. नातवाची आलेखाची वही घेऊन मी आमच्या आळीचं ड्रॉइंग केलं आहे. ज्या दिवशी चर उघडा होता त्या त्या दिवशी मापं घेतली. आठ घरं, पाच जॉइंट, पहार लागली ती जागा लाल पेन्सिलीने. चार ठिकाणी केबल तीस सेंटिमीटरपेक्षा वर आहे, तेही लिहिलं आहे. वही घेऊन कार्यालयात गेलो. आवक-जावकच्या टेबलावर सांगितलं, अर्ज असेल तर घेऊ, वही घेता येत नाही. आयटीआयच्या मुलांना मापं कशी घ्यायची ते शिकवायला मी तयार आहे, पैसे नकोत. तेही अर्जात लिहून दिलं आहे. त्याची पोच मिळाली. उत्तर नाही.

आता देवळापासून साकवापर्यंतचा साठेक फुटांचा तुकडा उरला आहे. येत्या शुक्रवारी केबल टाकून संध्याकाळपर्यंत बुजवणार, असं ठेकेदाराच्या मुकादमाने सांगितलं. सकाळी सातला मी वही आणि टेप घेऊन देवळाच्या जोत्यापाशी असेन. नातू त्या दिवशी शाळेत असतो, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी यावं.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर
जि. रायगड